फ्रेंचमधलं 'लाँतमाँ': सिलॅबल दोन की तीन?

'लाँतमाँ' म्हणजे सावकाश. सांगा बघू, यात सिलॅबल किती? ओळीच्या शेवटी शब्द तोडून लिहायचा तर तीन: लाँ-त-माँ. पॅरिसकडच्या रोजच्या बोलण्यात मधला 'ई' गळतो, म्हणून दोनच: लाँत-माँ. अभिजात पद्यात मात्र पुढे व्यंजन असल्याने तो मोजावाच लागतो, परत तीन! फ्रेंच मजकुरावर काही मोजणार असाल तर यातलं नेमकं काय मोजताय, ते आधीच ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर सगळी मोजणी पुन्हा.

हा 'ई' आला कुठून? लॅटिनमध्ये 'मेन्ते' म्हणजे 'मनाने'. शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे विशेषणही स्त्रीलिंगी: 'क्लारा मेन्ते', स्वच्छ मनाने. पुढे 'मेन्ते'चा नुसता प्रत्यय उरला आणि विशेषणाच्या शेवटचा 'आ' झिजून 'ई' झाला. 'सावकाश'मध्ये मन शोधू नका, ते कधीच गेलं.

आता 'एविदामाँ' (अर्थातच) घ्या. लॅटिनमध्ये काही विशेषणांचं पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच होतं. ही त्या घराण्यातली, म्हणून इथे स्त्रीलिंगी 'ई' नाही. पण स्पेलिंगमध्ये 'एम' असून उच्चार 'आम' कसा? पुस्तकं 'अपवाद' म्हणून मोकळी होतात, ते मला पटत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'एन' आणि 'आन' दोन्ही नाकात जाऊन एकच 'आँ' झाले. पुढे, साधारण १६व्या-१७व्या शतकात, स्वरापूर्वीच्या 'म'च्या आधीचं नाकातलं गेलं, उरला 'आ'. स्पेलिंग जुनंच राहिलं. 'फाम' (बाई) या शब्दात 'ई' लिहून 'आ' म्हणतात, तेही यामुळेच.