मुकादम, एचआर आणि आपल्या वळसंगची विहीर

मी सोलापूरच्या एमआयडीसीत एचआरमध्ये आहे. गावाकडं आलो की एसटी स्टँडवरच दोघं-तिघं गाठतात, "साहेब, आमच्या पोराला कुठंतरी चिकटवा की." मी सांगतो, अर्ज पाठवा. त्यांना वाटतं, हा टाळतोय. नोकरी ओळखीनंच लागते असं लोकांनी का धरून ठेवलंय, त्याला मोठा इतिहास आहे. आज थोडा सांगतो.

सोलापुरात जुनी मिल सुरू झाली 1877 साली. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर शहर उठायचं आणि झोपायचं. पण या गिरण्यांत माणूस भरायचा कोण? मालक नव्हे, मॅनेजरही नव्हे. भरायचा जॉबर, म्हणजे मुकादम. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, ओळखीचा माणूस आणायचा. कामावर तोच घ्यायचा, काढायचाही तोच. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा, आणि आज काम मिळणार का ते मुकादमाच्या मर्जीवर. त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. पगार व्हायच्या आधीच त्यातला वाटा ठरलेला.

1929 साली सरकारनं व्हिटली कमिशन नेमलं. 1931 च्या अहवालात त्यांनी स्पष्ट म्हटलं की भरती आणि बडतर्फीचा अधिकार जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. आजच्या एचआरचं मूळ इथं आहे बघा. 1936 साली मुंबईत टाटांची समाजकार्याची संस्था निघाली, तीच आजची टिस. अशा कामासाठी शिकलेली माणसं तिथून तयार होऊ लागली. 1946 साली स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा आला. कामाच्या अटी लेखी पाहिजेत, गैरवर्तनाचा ठपका ठेवला तर माणसाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, हे त्यातनं आलं. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टनं 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला.

म्हणजे हे खातं मालकानं हौस म्हणून काढलेलं नाही. मुकादमाच्या मनमानीवर उतारा म्हणून ते आलं.

आता विहिरीकडं येतो. आपल्या गावात दलित बांधवांनी स्वतःच्या कष्टानं विहीर खोदली आणि 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले, त्यांच्या हस्ते ती खुली झाली, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण या विहिरीचा आणि गिरणीचा संबंध फार कमी लोक जोडतात.

त्या काळी धोट्यात नवी कांडी भरली की विणकर सुताचं टोक धोट्याच्या भोकातून ओठांनी ओढून घ्यायचा. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. म्हणून सवर्ण कामगार म्हणायचे, विणकाम खात्यात अस्पृश्य नको. मुंबईच्या गिरण्यांतून ही बंदी पाळली जायची. विणकामात पगार जास्त. म्हणजे जास्त पगाराचं दारच बंद. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ही मागणी घेणार नसाल तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत, असं त्यांनी बजावलं. तेव्हा पुढाऱ्यांनी ती नाइलाजानं मागण्यांत घातली.

पाणी असो की सूत, अडवायचं कारण एकच. विहिरीवर गाव अडवायचं, गिरणीत खातं अडवायचं.

हे सगळं सांगायचं कारण माझंच आहे. नवीन होतो तेव्हा एका ठिकाणी मला तोंडी सांगितलं होतं, "यादी करताना आडनावं जरा बघत जा, पुढं कटकट नको." कागदावर काही नाही. मी विरोध केला नाही. दोन अर्ज खाली सरकवले. ती दोन पोरं मला कधी भेटली नाहीत. त्यांना कळलंही नसेल की का बोलावलं नाही. विहिरीवरनं जाताना आजही ते आठवतं. मुकादमाला नावं ठेवायला सोपं आहे हो. तोच मुकादम टाय लावून माझ्या खुर्चीत बसला होता.

आणि खरा मुकादमही परत आलाय, कंत्राटदार म्हणून. गावातली किती पोरं आज कंपनीच्या गेटमधून आत जातात, पण कंपनीच्या हजेरीवर त्यांचं नाव नसतं? उद्या येऊ नको म्हटलं की संपलं.

नवीन कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांवर वाद बरेच आहेत. स्टँडिंग ऑर्डर्सची केंद्राची अट 100 कामगारांवरून 300 वर गेली, म्हणजे लहान कारखान्यातला माणूस उघडा पडतो. पण एक गोष्ट कामाची आहे : नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे.

म्हणून गावातल्या पोरांना एवढंच सांगणं. माझी ओळख मागू नका. कामाला लागलात की पहिल्याच आठवड्यात कागद मागा. त्यावर हुद्दा, पगार, रुजू तारीख बघून घ्या आणि फोटो काढून घरी ठेवा. कुणी देत नसेल तर रविवारी मी गावात असतो, या. अर्ज कसा लिहायचा ते बसून लिहू.

आडनाव विचारणार नाही.