हायब्रिड सायकलला रेसरचं हँडल बसवलं, डिस्क ब्रेकही आहेत, मग ब्रेक लागत का नाहीत?

उसाचा हंगाम सुरू झाला की करमाळा ते टेंभुर्णी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसायला लागतात. आदिनाथ आणि मकाई हे दोन सहकारी साखर कारखाने याच तालुक्यातले. पहाटेच्या अंधारात पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल, तर ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा वेळी सायकलवाला ब्रेक आवळतो आणि लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकतो. सायकलचा वेग कमी होतो, पण सायकल थांबत नाही.

पॅड नवे आहेत, डिस्क सरळ आहे. मेकॅनिक म्हणतो वायर ढिली आहे. वायर ताणली की चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. यात मेकॅनिकची चूक नसते आणि ब्रेकही खराब नसतो. अडचण एवढीच असते की लिव्हर एका जातीचा आहे आणि ब्रेक दुसऱ्या जातीचा.

ही भानगड येते कुठून?

सरळ हँडलची हायब्रिड किंवा एमटीबी घेऊन सुरुवात करायची आणि नंतर तिला रेसरसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल बसवायचं, ही हौस बऱ्याच जणांना असते. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं नाव महाराष्ट्रात घराघरात गेलं ते तेव्हा. ब्रेव्हे नावाच्या राइड्समध्ये 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात. इतका वेळ सरळ हँडल धरून मनगटं दुखतात. ड्रॉप हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, वारा कमी लागतो. म्हणजे कारण अगदी रास्त आहे.

पण हँडल बदललं की ब्रेकचे लिव्हरही बदलावे लागतात, कारण सरळ हँडलचे लिव्हर त्याच्यावर नीट बसत नाहीत. खाली चाकाजवळचा ब्रेक मात्र जुनाच राहतो. सगळा घोळ इथे होतो.

आता हापसा आठवा. हापशाचा दांडा लांब असेल तर हात खूप हलवावा लागतो, पण पाणी सोपं येतं. दांडा आखूड असेल तर हात कमी हलतो, पण जोर जास्त लागतो. ब्रेकच्या लिव्हरमध्ये हाच हिशोब असतो. ड्रॉप हँडलचा लिव्हर वायर थोडीच ओढतो, पण जोरात ओढतो. सरळ हँडलचा आजचा लिव्हर साधारण दुप्पट वायर ओढतो, पण कमी जोराने. चाकाजवळचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, त्या त्या हिशोबाने बनवलेला असतो. एमटीबीच्या कॅलिपरला जास्त वायर लागते आणि कमी पडलेला जोर तो स्वतः वाढवून घेतो. रोडच्या कॅलिपरला थोडी वायर पुरते, पण ती जोरात ओढलेली हवी.

दोन हिशोब का झाले, याला इतिहास आहे. 1996 मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक आणला. त्याचे हात लांब असल्याने त्याला जास्त वायर लागायची, म्हणून सरळ हँडलचे लिव्हर तसे बनायला लागले. पुढे एमटीबीला वायरवाले डिस्क ब्रेक आले, ते याच लिव्हरसाठी. रोड सायकलवाले मात्र जुन्या मापावरच राहिले. 1990 मध्ये शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये दिले, ते एसटीआय लिव्हरही कमी वायर ओढणारेच. 2008 नंतरच्या शिमानोच्या रोड लिव्हरमध्ये हे माप थोडं वाढलं, पण व्ही-ब्रेकच्या जवळपासही गेलं नाही.

चुकीच्या जोड्या दोन. रोडचा लिव्हर आणि एमटीबीचा कॅलिपर ही पहिली. यात रबर दाबल्यासारखं वाटतं आणि पॅड पूर्ण दाबण्याआधी लिव्हर हँडलला टेकतो. गंमत म्हणजे सायकल उभी करून चाक फिरवून पाहिलं तर ब्रेक छान लागतो. वजन, वेग आणि पाऊस आला की खरं कळतं. उलट जोडी, म्हणजे जास्त वायर ओढणारा लिव्हर आणि रोडचा कॅलिपर, दगडासारखी कडक लागते. लिव्हर जरासा हलतो आणि अडतो, मग थांबायला बोटांत ताकद हवी. घाटाच्या उतारावर बोटं दुखून येतात. दोन्ही वाईटच, पण पहिली जोडी जास्त धोक्याची. पॅड झिजत गेले की उरलासुरला पल्लाही संपतो.

आपल्याकडे काय आहे हे ओळखायचं कसं? कॅलिपरवरचा नंबर वाचा. शिमानोचा बीआर-एम375 एमटीबीचा, तर बीआर-आर517 आणि बीआर-सीएक्स77 रोडचे. टीआरपीचा स्पायर रोडसाठी आणि स्पाइक एमटीबीसाठी, नावं इतकी सारखी की ऑनलाइन ऑर्डर करताना हमखास चूक होते. एव्हिडचा बीबी7 तर दोन्ही प्रकारांत येतो, दिसायलाही सारखा. सेकंडहँड घेताना नुसतं 'बीबी7 आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका, रोड की माउंटन ते विचारा.

नंबर पुसला असेल तर लिव्हर तपासता येतो. कॅलिपरपाशी वायर सोडा, टोक हलकं ताणून धरा, कुणालातरी लिव्हर पूर्ण दाबायला सांगा आणि टोक किती सरकलं ते पट्टीने मोजा. मग व्ही-ब्रेकवाल्या सायकलवर हेच करा. पहिला आकडा निम्म्याच्या आसपास आला तर लिव्हर रोडचा.

पण थांबा. लगेच खर्च करू नका. बहुतेक वायरवाल्या डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. स्थिर पॅड लांब राहिला असेल तर जोडी बरोबर असूनही लिव्हर खोल जातो. पॅड झिजले की हायड्रॉलिक ब्रेक अंतर आपोआप भरून काढतो, वायरवाला काढत नाही. तो पॅड चाकाच्या बाजूच्या गोल नॉबने किंवा ॲलन कीने जवळ आणायचा. हे न करता नुसती वायर ताणत राहणं हा चुकीचा उपाय, कारण कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि पुढे फिरायला जागा उरत नाही.

जोडीच चुकीची निघाली तर साधा मार्ग म्हणजे रोडचा वायरवाला कॅलिपर घेणं. गिअरचे एसटीआय लिव्हर बसवले असतील तर हाच मार्ग बरा. गिअर वेगळ्या जागी असतील तर उलट करता येतं. टेक्ट्रोचा आरएल520 हा ड्रॉप हँडलचा लिव्हर मुद्दाम जास्त वायर ओढणारा बनवलाय, जुना कॅलिपर तसाच चालतो. त्याचाच भाऊबंद आरएल340 मात्र कमी ओढणारा, तो चुकून घेतला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वायरची ओढ वाढवणारी ट्रॅव्हल एजंट नावाची छोटी पुलीही मिळते, पण तिच्यात वायर तीव्र वळते आणि लवकर तुटते. डिस्क ब्रेकच्या सायकलवर ती टाळलेली बरी.

ड्रॉप हँडलवर टेपखालून वायर जास्त वळणं घेते. आउटर स्वस्तातलं असेल तर ते दबतं आणि लिव्हरचा अर्धा पल्ला तिथेच जातो. आणि गिअरचं आउटर ब्रेकला कधीच लावू नका. त्यातल्या तारा उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला की ते फाटू शकतं.

राहिली वायरची घुंडी. सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या पिंपासारखी घुंडी लागते, रोडच्या लिव्हरला पेरूसारखी लहान. तालुक्याच्या गावात सायकलच्या दुकानात सहसा पहिलीच मिळते. ती कानशीने घासून रोडच्या लिव्हरमध्ये बसवण्याचा उद्योग करू नये, घुंडी निसटली तर ब्रेकच गेला. पेरूच्या घुंडीची एक जास्तीची वायर खोगिराखालच्या पिशवीत ठेवावी, गुंडाळली तर मूठभर जागेत मावते.