घाबरणारे मूल गोष्टीत कुठे असते?

गेल्या चैत्रात शेजारची चौथीतली मुलगी माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे बसली होती. शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात गोळा येतो; डॉक्टरांना तपासून काही सापडत नाही. राक्षस, पऱ्या, जादूची अंगठी असलेली चार पुस्तके चाळून तिने विचारले, "काका, यातलं कुणीच कसं घाबरत नाही?"

मी विद्यापीठातून आलेला संशोधक नव्हे. अक्कलकोटात राहून, सोलापूर-पुण्याच्या रद्दीवाल्यांकडून जमवलेली बालपुस्तके हीच माझी शाळा. तरी त्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. तिच्या वयाचा असताना मीही तसाच होतो. वर्गात उभे राहून कविता म्हणायची असली की आदल्या रात्री झोप लागत नसे आणि सकाळी मास्तर सगळ्यांसमोर 'भित्री भागूबाई' म्हणत.

भीती आणि चिंता यांत एक फरक आहे. भीती समोर उभ्या वाघाची असते. चिंता अजून न आलेल्या वाघाची. मराठीला ही दुसरी अवस्था अनोळखी नाही. धास्ती, धाकधूक, घोर, हुरहुर असे शब्द आपल्याकडे आहेत. पण ते आपण मोठ्यांसाठी राखून ठेवले. मुलाच्या वाट्याला आली ती भागूबाई.

छापील मराठी बालवाङ्मयाचा आरंभ साधारणपणे १८२८ पासून धरतात. त्या वर्षी सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' प्रसिद्ध झाले. दोन्ही परभाषेतून आलेली, दोन्हींचा हेतू बोधाचा. मूल म्हणजे सुधारायची वस्तू, ही दृष्टी तिथून पुढे फार काळ टिकली. १९३५च्या 'श्यामची आई'मधला पोहण्याचा प्रसंग अद्भुतकथेतला नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. विहिरीच्या धास्तीने श्याम लपून बसतो. आई त्याला मारून बाहेर काढते आणि पोहायला धाडते. साने गुरुजींनी आईचे प्रेम आणि मुलाची घालमेल दोन्ही खरी लिहिली. वाचणाऱ्या पिढ्यांनी मात्र त्यातून उपाय तेवढा उचलला: घाबरणाऱ्याला पाण्यात ढकला.

अद्भुतकथांत तर मुलाला घाबरायला जागाच नव्हती. १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या 'चांदोबा'तला विक्रम राजा दर महिन्याला स्मशानातून वेताळाला खांद्यावर घेऊन निघे आणि दर महिन्याला निर्भय असे. शंकर यांचे ते चित्र मी लहानपणी हाताने झाकून गोष्ट वाचत असे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे अद्भुतातला नव्हे, साहसातला. पण त्याच्यापुढेही मला आपण फारच कच्चे वाटे.

मग घाबरणारे गेले कुठे? शोधता शोधता मी छापील पुस्तकांच्या मागे, आजीच्या गोष्टीपाशी पोचलो. भोपळ्यात बसून जंगल ओलांडणारी म्हातारी आठवा. लेकीकडे जाताना वाटेत कोल्हा, वाघ तिला खायला उठतात. ती लढत नाही, शूर होत नाही. परत येताना खा, तोवर चांगली धष्टपुष्ट होईन, अशी ती मुदत मागते. परतताना भोपळ्यात शिरते. गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा, पण मुदत सगळीकडे सारखी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६०च्या दशकात मराठीत आणायला घेतलेल्या अरबी गोष्टींतली शहाजादीही तेच करते: रोज एक गोष्ट, रोज एका दिवसाचे जीवदान. दोघींचीही भीती जात नाही. ती बरोबर घेऊनच त्या पुढे सरकतात. पण दोघीही मोठ्या बायका. मूल यात नाही.

मुलाच्या वयाची घाबरी नायिका मला सापडली ती भागवतांकडेच. लुईस कॅरलच्या १८६५च्या 'अ‍ॅलिस'ला त्यांनी 'जाईची नवलकहाणी'त मराठी केले. अ‍ॅलिस बिळात पडते, लहानमोठी होते, आपण नक्की कोण या विचाराने गोंधळते, स्वतःच्याच अश्रूंच्या तळ्यात पोहते. तिला पाण्यात कुणी ढकलत नाही; पाणी तिचेच असते. घाबरणे हा तिचा दोष ठरत नाही, तिच्या प्रवासाचा तो भाग असतो.

याहून पुढचे पाऊल फिनलंडच्या टोव्हे यान्सन यांनी १९६२ मध्ये टाकले. त्यांच्या मूमिन कथांपैकी एकीत निनी नावाची मुलगी आहे. सांभाळणाऱ्या बाईच्या सततच्या टोमण्यांनी घाबरून ती अदृश्य झालेली असते. मूमिनांच्या घरात तिला कुणी 'धीट हो' म्हणून बजावत नाही. तिला जेवायला वाढतात, कामात घेतात, मूमिन-आई तिच्यासाठी कपडे शिवते. आधी पावले दिसू लागतात, मग पाय. चेहरा दिसतो तो ती पहिल्यांदा रागावते तेव्हा. ही गोष्ट वाचताना मला माझा वर्ग आठवला.

आमच्या गावात 'भिऊ नकोस' हे शब्द भिंतींवर, रिक्षांवर, दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. गावातल्या कानडी घरांत तेच 'अंजबेड' होते. स्वामींच्या त्या वाक्याचा उत्तरार्ध आपण नीट ऐकत नाही असे मला वाटते. त्यात भित्रेपणाबद्दल दटावणी नाही. पाठीशी कुणीतरी आहे एवढेच आश्वासन आहे. आपल्या बालसाहित्याने बहुतेक वेळा पूर्वार्धच घेतला, तोही हुकुमासारखा.

त्या मुलीला मी भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे भोपळ्यात पण ती घाबरलेलीच होती?" मी हो म्हणालो. थोडा वेळ गप्प बसून तिने विचारले, "आणि तरी लेकीकडे जाऊन आली?" मराठीत अशी एक अद्भुतकथा लिहिली जावी, जिच्यात भोपळ्यात बसलेली मुलगी चौथीत शिकते. ती मिळेपर्यंत मी कपाटातला एक कप्पा रिकामा ठेवला आहे.