जन्म एका घरी, वाढ दुसऱ्या घरी



वर्ध्याजवळ नालवाडीला गोपुरीत गेलं की जमनालाल बजाजांची आठवण निघतेच. गोसेवेचं काम घेऊन शेवटच्या दिवसांत ते इथेच झोपडीत राहिले. १९४२ साली ते गेले.

आपण त्यांना वर्ध्याचे शेठजी म्हणतो. पण त्यांचा जन्म १८८९चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास गावचा, साध्या घरातला. वर्ध्याचे शेठ बच्छराज आणि सदीबाई यांचा दत्तक मुलगा वारला होता. सदीबाईंनी चार-पाच वर्षांच्या जमनला पाहिलं आणि त्याच्या आईकडे, बिरदीबाईंकडे मागितलं. आईवडिलांनी मुलाच्या बदल्यात पैसा घेतला नाही. गावासाठी विहीर तेवढी खोदून घेतली.

जमन सतरा वर्षांचा असताना दागिने घालण्यावरून आजोबा चिडले आणि पैशाचं बोलून गेले. मुलाने सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडल्याचं पत्र लिहिलं आणि घर सोडलं. मग आजोबांनीच समजूत घालून त्याला परत आणलं. वाढवल्याचा हिशेब मांडला की नातं तुटतं, हे त्यांना वेळेवर कळलं. पुढे जमनालालजींच्या पेढीवर बच्छराज हे नाव राहिलं. सदीबाईंचं नाव मात्र आपण क्वचितच घेतो.

आपल्या घरांतही दत्तक नवीन नाही. तरी अशा मुलासमोर कुणीतरी विचारतंच, “खरी आई कोण?” दोघीही खऱ्या. एकीने जन्म दिला, एकीने रात्री जागवल्या. विचारायचंच असेल तर दोघींची नावं विचारूया.