फितीपासून टाइमशिफ्टपर्यंत : सुरक्षित प्रतीचा इतिहास

१/५
लिनक्सवर आजही वापरात असलेली ‘टार’ ही आज्ञा लिनक्सपेक्षा वयाने मोठी आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आली. ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून तिचे नाव पडले. अनेक फायली एकत्र बांधून चुंबकीय फितीवर उतरवणे, हे तिचे काम.

२/५
उणीव एकच होती. फाइलमधील दोन ओळी बदलल्या, तरी संपूर्ण फाइल पुन्हा उतरवावी लागे. संथ जाळ्यावरून दूरच्या संगणकाकडे प्रत पाठवताना हा भार फार जाणवे.

३/५
१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ सादर केले. जुन्या प्रतीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची गणिती खूण काढायची, त्या खुणा नव्या फाइलशी ताडायच्या आणि न जुळणारा भाग तेवढाच पाठवायचा, ही त्यामागील युक्ती.

४/५
पुढे आरसिंकला हार्ड लिंकची जोड मिळाली. न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच राहते, तरी प्रत्येक दिवसाच्या प्रतीत दिसते. याच पायावर उभे असलेले टाइमशिफ्ट २०१७ मध्ये लिनक्स मिंट १८.३ मध्ये समाविष्ट झाले. बिघडलेली प्रणाली कालच्या स्थितीत नेणे सामान्य वापरकर्त्यालाही साधू लागले.

५/५
मात्र टाइमशिफ्ट मुळात प्रणाली जपते. छायाचित्रे, प्रबंध, पत्रे त्यात आपोआप येत नाहीत. शिवाय अशा साऱ्या प्रती एकाच डिस्कवर असतात. ती डिस्क निकामी झाली, की जपलेले सगळे दिवस एकदमच जातात. म्हणून फितींच्या काळातील जुना नियम आजही लागू आहे : एक प्रत दुसरीकडे ठेवावी आणि ती परत उघडते का, हे अधूनमधून पाहावे.