मुरगाव की पणजी?

जुनी राजधानी सोडायची असं एकदा ठरलं की खरा प्रश्न पुढे येतो: जायचं कुठे? पोर्तुगीज गोव्यासमोर हा प्रश्न १६८४ च्या सुरुवातीला उभा राहिला आणि त्याचं उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. एका बाजूला जुवारीच्या मुखावरचं मुरगाव होतं, दुसऱ्या बाजूला मांडवीच्या काठावरची पणजी. मुरगावच्या बाजूनं राजाज्ञा होती, नकाशे होते, खजिन्यातला पैसा होता. पणजीच्या बाजूनं असं काहीच नव्हतं. तरीही राजधानी पणजीला गेली. हा निकाल योगायोगानं लागला असं मला वाटत नाही. मुरगावची निवड एकाच कारणासाठी, म्हणजे सुरक्षिततेसाठी झाली होती. पणजीकडे मात्र लोक, माल आणि कामकाज आधीपासूनच सरकत होतं. राजधानी हलवताना पहिल्या प्रकारची निवड का फसते आणि दुसऱ्या प्रकारची का टिकते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्या किनाऱ्यावर दुसरं सापडणं कठीण आहे.

आधी जुन्या शहराची, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याची, अवस्था लक्षात घ्यायला हवी. आफोंसो द आल्बुकर्कनं १५१० मध्ये आदिलशाहीकडून घेतलेलं हे शहर १५३० पासून पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या कारभाराचं केंद्र होतं. मोझांबिकपासून मकावपर्यंतची ठाणी इथल्या हुकमावर चालत. पण शहराचा पाया आतून खचत होता. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत शोषखड्डे आणि विहिरी शेजारीशेजारी होत्या. घाण मुरून पिण्याच्या पाण्यात उतरे आणि साथ आली की ती गल्लीगल्लीतून फिरे. पटकी आणि हिवताप हे तिथले कायमचे रहिवासी झाले होते. मांडवीत गाळ साचत होता. सतराव्या शतकात डच आरमारानं गोव्याची नाकेबंदी करून व्यापाराचा गळा आवळला, त्यानंतर गेलेला व्यापार परतला नाही. लोकसंख्येचे जे आकडे इतिहासात दिले जातात त्यांनुसार १६९५ मध्ये वीस हजारांची वस्ती उरली होती आणि १७७५ मध्ये जेमतेम सोळाशेची. आकड्यांत थोडंफार कमीजास्त गृहीत धरलं, तरी शहर ओसरत होतं याबद्दल वाद नाही. म्हणजे कुणी हल्ला केला नसता तरीही हे शहर सोडावं लागणारच होतं.

पण हल्ला झाला, आणि निर्णयाची दिशा त्या हल्ल्यानं ठरवली. १६८३ मध्ये व्हाइसरॉय आल्वोरचा काउंट फ्रांसिस्कु द ताव्होरा यानं फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजी महाराजांनी तो वेढा मोडून काढला आणि नोव्हेंबरच्या एका रात्री मराठ्यांनी जुन्या शहराच्या समोरचं जुवे बेट घेतलं. बेट परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन, फौजेची वाताहत झालेली पाहत माघारी आला. पुढच्या महिन्यात मराठी फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या. राजधानीतली घबराट इतकी होती, की व्हाइसरॉयनं आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत नेऊन ठेवला आणि शहर संतावर सोपवलं. शाहआलमच्या हाताखालची मुघल फौज जानेवारी १६८४ मध्ये कोकणात उतरली आणि मराठ्यांना तिकडे वळावं लागलं. शहर वाचलं, पण भीती गेली नाही. राजधानी हलवण्याचा विचार याच भीतीच्या दिवसांत पक्का झाला.

मुरगावची बाजू कमजोर नव्हती, हे आधीच मान्य करायला हवं. १६२४ पासून तिथे किल्ल्याचं बांधकाम सुरू झालेलं होतं. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे अरुंद जमीन. ती तटानं बंद केली की शत्रूला आत शिरणं अवघड. शिवाय बंदर म्हणून मुरगाव मांडवीपेक्षा सरस होतं. पावसाळ्यात आग्वादच्या किल्ल्याखाली मांडवीच्या मुखाशी वाळूचे पट्टे साचत, लाटा फुटत, आणि मोठ्या जहाजांना आत येणं अशक्य होई. मुरगावात मात्र बाराही महिने जहाज नांगरता येत असे. लिस्बननं होकार दिला, काम सुरू झालं, इमारती उठू लागल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका व्हाइसरॉयनं काही काळ तिथे मुक्कामही केला. पण काम कधी थांबे, कधी पुन्हा सुरू होई. एक व्हाइसरॉय रेटा लावे, दुसरा पैसा दुसरीकडे वळवी. शेवटी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजाज्ञेनंच ते बंद झालं. जवळपास तीस वर्षं खर्च होऊनही शहर उभं राहिलं नाही.

का नाही? नकाशावर उत्तर स्पष्ट दिसतं. जुनं शहर तिसवाडीत होतं आणि तिसवाडी हे चहूबाजूंनी मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीनं वेढलेलं बेट. त्याच्या भोवतीचं पाणी ही त्याची तटबंदी होती. मुरगावचं टोक जमिनीनं साष्टीला जोडलेलं, आणि साष्टी तर १६८३ मध्ये मराठ्यांनी पायाखाली घातलेली. म्हणजे ज्या धोक्यापासून पळायचं, त्याच धोक्याच्या वाटेवर नवं शहर बसवायचं ठरत होतं. फक्त तट उंच असेल एवढाच फरक. दुसरं कारण रोजच्या जगण्याचं. तिसवाडीतल्या माणसाला मुरगावला जायचं तर आगशीला जुवारीच्या काठावर यायचं, होडीनं कुठ्ठाळीला उतरायचं आणि तिथून पुढे पायपीट करायची. या दोन काठांमधला पूल विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात झाला, तोवर लोक फेरीबोटीवरच अवलंबून होते. समुद्रातून वळसा घालायचा तर पावसाळ्यात तोही मार्ग बंद. घरं, बागायती, मिठागरं, मठांच्या जमिनी, उधारी-उसनवारी, लेकीबाळींची सासरं, हे सारं ज्यांचं तिसवाडीत होतं, त्यांना राजाचं पत्र दाखवून नदीपलीकडे नेता येत नव्हतं.

आता पणजी पाहू. सतराव्या शतकात ती शहर नव्हतीच. ताळगावच्या गावकरीच्या हद्दीतला तो एक वाडा होता. नदीकाठी कोळ्यांची घरं, नारळाची झाडं, मागे खाजण आणि दलदल. पण त्या वाड्यात दोन गोष्टी होत्या. एक, आदिलशहाचा जुना वाडा. पोर्तुगिजांनी तो आपल्या ताब्यात घेऊन नदीत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला आणि व्हाइसरॉयांच्या मुक्कामाला वापरला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्हाइसरॉय लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्या यानं १६३३-३४ मध्ये पणजी ते रायबंदर असा बांधून काढलेला रस्ता. जवळपास तीन किलोमीटर लांबीचा हा जांभ्या दगडाचा बांध खाजणातून आणि मिठागरांतून जातो. खाली जागोजागी कमानी ठेवल्या, म्हणजे भरतीचं पाणी आत येऊन ओहोटीला परत जाऊ शकेल. ही रचना खाजणाच्या शेतकऱ्याला ओळखीची होती. बांध घालून खारं पाणी अडवायचं, दारातून हवं तेवढं आत घ्यायचं, हेच काम त्याच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या केलं होतं. लिन्यारिशनं त्यावरून बैलगाड्या आणि पालख्या जातील एवढी रुंदी दिली, एवढाच फरक. राजधानी हलवण्याचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. पण रस्ता बांधला गेला तेव्हाच पणजी जुन्या शहराच्या अंगणात आली. पावलानं जाता येतं, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, जुनं घर न मोडता नवं घर बांधता येतं, हे त्या रस्त्यानं शक्य केलं.

पुढचं स्थलांतर याच वाटेनं पायरीपायरीनं झालं. सतराव्या शतकाच्या शेवटी व्हाइसरॉयांनी जुन्या शहराच्या गर्दीतला राजवाडा सोडून पश्चिमेच्या उपनगरात बिऱ्हाड नेलं, म्हणजे पणजीच्या दिशेनं एक पाऊल. १७५९ मध्ये साथीच्या तापाला कंटाळून व्हाइसरॉय एगाचा काउंट थेट पणजीला, आदिलशहाच्या वाड्यात राहायला गेला. लिस्बनला हे पटलं नाही. तिथला मंत्री पोंबालचा मार्क्विस यानं १७७० च्या दशकात जुनं शहर पुन्हा बांधायचा हुकूम सोडला, मजूर कामाला लावले गेले, आणि ज्या तापानं रहिवासी पळाले होते त्यानंच मजूरही मेले. तो हुकूमही वाया गेला. १८२६ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पुर्तुगाल इ कास्त्रु यानं दलदलीत भर घालून रस्ते आखले आणि पणजीला शहराचं रूप दिलं. त्याच शतकाच्या पूर्वार्धात जुन्या शहरातली कार्यालयं एकेक करून इकडे आली. २२ मार्च १८४३ ला राणी मारिया दुसरी हिनं राजपत्र काढून पणजीला नोव्हा गोवा, म्हणजे नवा गोवा, असं नाव आणि शहराचा दर्जा दिला. तोवर राजधानी प्रत्यक्षात कधीच हलून गेली होती. राजपत्रानं फक्त झालेल्या गोष्टीवर शिक्का मारला.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप पैशाचा. मुरगाव फसलं ते जागा वाईट म्हणून नव्हे, पोर्तुगालकडे पैसा नव्हता म्हणून, असं म्हणता येईल. पैसा कमी होता हे खरंच. पण तो पणजीच्या वेळीही भरपूर नव्हता. फरक असा, की पणजीला एकदम मोठी रक्कम लागलीच नाही. मुरगावला तट, वाडा, कोठारं, चर्च, घरं, सगळं आधी उभं करायचं आणि मग माणसं न्यायची होती. पणजीत माणसं आधी आली, मग त्यांच्या गरजेनुसार रस्ता झाला, मग कचेरी. जुन्या शहरातल्या पडक्या इमारतींचं सामानही त्याच वाटेनं आलं. सेंट ऑगस्टीनच्या चर्चची प्रचंड घंटा याचा उत्तम दाखला आहे. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. घंटा आग्वादच्या दीपगृहावर काही वर्षं राहून १८७१ मध्ये पणजीच्या मेरी इमॅक्युलेट चर्चवर चढली. गरिबीत राजधानी हलवायची असेल तर जवळची, हळूहळू घडणारी जागाच परवडते. म्हणून पैशाचा आक्षेप माझ्या मुद्द्याविरुद्ध जात नाही, उलट त्याला बळ देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंदर म्हणून मुरगाव सरस होतं हे इतिहासानं सिद्धच केलं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८० च्या दशकात तिथून घाटावर जाणारी रेल्वे झाली, आणि विसाव्या शतकात लोहखनिजाची निर्यात तिथूनच झाली. मग व्हाइसरॉय ताव्होराची नजर बरोबर नव्हती का? बंदरापुरती होती. पण चांगलं बंदर म्हणजे चांगली राजधानी नव्हे. बंदराला खोल पाणी आणि मागचा रस्ता लागतो. राजधानीला लागतो तो माणसांचा रोजचा राबता: अर्ज घेऊन आलेला शेतकरी, वकील, कारकून, भाजीवाली, पाद्री, सावकार. हे सगळे जिथे सहज पोचतात तिथेच सरकार चालतं. मुरगावला शेवटी त्याचं खरं काम मिळालं, आणि राजधानी नसल्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही.

तिसरा आक्षेप असा, की मराठ्यांचा धोका टळला म्हणून मुरगाव मागे पडलं, एवढंच. पण धोका टळला नव्हता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्याच वर्षी मराठ्यांनी साष्टी पुन्हा व्यापली आणि मडगाव ताब्यात घेतलं. मुरगावला राजधानी असती, तर त्या वर्षी ती आपल्याच मागच्या अंगणापासून तुटली असती. तरीही मुरगावची योजना पुन्हा उचल खाऊ शकली नाही, कारण तोवर लोकांचे पाय पणजीच्या वाटेला लागले होते.

हळूहळू घडलेल्या या स्थलांतराची किंमतही मोजायला हवी. योजना नसल्यामुळे जुनं शहर कुणाचंच राहिलं नाही. जिथे हजारोंची वस्ती होती तिथे नारळीच्या बागा आणि भग्न चौथरे उरले. नवं शहर दलदलीवर वसल्यानं पाण्याचा निचरा ही त्याची जन्मखूण झाली. पण एक गोष्ट या सावकाशीनं साधली. धर्मपीठ मागे राहू शकलं. आर्चबिशपचं आसन असलेलं सेंट कॅथरीनचं कॅथेड्रल आणि झेवियरचं शव असलेलं बॉम जेझूस जुन्या गोव्यातच राहिलं, आणि शासनाला त्यामुळे काही अडलं नाही. आजच्या गोव्यानंही हीच वाट धरली आहे. विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीला गेली, उच्च न्यायालयाचं खंडपीठही तिकडेच गेलं, आणि पणजी राजधानीच राहिली. म्हणून राजधानीसाठी दोन शहरांमधून एक निवडायची वेळ येते तेव्हा, कुठे जास्त सुरक्षित वाटतं आणि कुठे नकाशा सुंदर दिसतो, हे प्रश्न दुय्यम ठरवायला हवेत. लोक आजही कोणत्या वाटेनं जातात आणि त्या वाटेवर थोडी भर घातली तर उद्या आणखी किती जातील, हा पहिला प्रश्न. गोव्यात राजापेक्षा त्या वाटेनंच हा निर्णय घेतला, आणि तोच टिकला.