मंद नाडी

नाडी मंदावली की आपल्याकडे घरदार धास्तावते. विश्रांतीत साधारण माणसाचे हृदय मिनिटास ६० ते १०० ठोके देते. दीर्घ पल्ल्याच्या हौशी धावपटूंचे कित्येकदा ५० हूनही कमी.

१८९९ साली स्वीडनच्या हेन्शेन या वैद्याने बर्फावरील शर्यतपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे झाल्याचे नोंदविले. हे बळ की विकार, हा वाद पुढे दशकानुदशके चालला. अमेरिकेचा क्लॅरन्स डीमार छापखान्यात खिळे जुळविणारा. हृदयात मर्मर ऐकून डॉक्टरांनी त्यास धावणे सोडण्यास सांगितले; त्याने १९११ ते १९३० या काळात बोस्टनची मॅरेथॉन सात वेळा जिंकली! १९५८ मध्ये तो कर्करोगाने वारला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवचिकित्सेच्या वृत्तान्तानुसार त्याच्या हृदयाच्या रोहिण्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या.

कमाल ठोके मात्र सरावाने वाढत नाहीत, वयाबरोबर उतरतात. ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स व हॅस्केल यांनी मोजक्या अभ्यासांवरून ढोबळपणे मांडले. आम्हां पंचावन्नीच्या कचेरीकरांच्या वाट्यास त्याने १६५ येतात. २००१ मधील तनाकांच्या सूत्राने सुमारे १७०. आणि प्रत्यक्षात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांची तफावत सहज पडते.